बाल्कनीतला बघण्याचा कार्यक्रम

माझं लग्न एका कुऱ्हाडीमुळे ठरलं.

(घाबरू नका. कुऱ्हाड सिनेमातली होती, आणि ज्याच्या डोक्यात ती पडली तो खलनायक थोड्याच दिवसांनी दुसऱ्या एका सिनेमात चांगला धडधाकट घोड्यावर हिंडताना आम्ही पाहिला.)

पण कुऱ्हाडीपर्यंत पोचायच्या आधी माझ्या रोगाबद्दल सांगायला हवं. मला लहानपणापासून तंद्री लागायची. दुधापाशी उभं केलं तर दूध उतू जायचं आणि मी त्याच्यावर धरणाऱ्या सायीत कुठलातरी बर्फाळ देश पाहत उभी असायची. सीताबर्डीला जायला बसमध्ये बसले की खिडकीबाहेरच्या निंबाच्या सावल्या मोजता मोजता बस सीताबर्डी सोडून भलतीकडे गेलेली असायची. माझी कौसाआत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, उन्हाळ्यात आमच्याकडे नागपुरात इंदोऱ्याला मुक्कामाला असे. ती कपाळावर हात मारून आईला म्हणायची, "वहिनी, हे पोट्टी उभ्याउभ्या झोपते वं! सासरी हिचं कसं होईन?"

आई म्हणायची, "आधी सासर तर मिळू द्या."

त्या वर्षी मी बी.ए. होऊन घरी बसले होते. मार्च महिन्यात ताप आला, टायफॉइडचा संशय आला, आणि बाबा मला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायला घेऊन गेले. तिथे पांढऱ्या कोटातला एक उंच, सडपातळ मुलगा होता. खाली मान घालून म्हणाला, "मूठ वळा." मी वळली. त्याच्या पापण्या इतक्या लांब होत्या की त्यांची सावली गालावर पडत होती. त्या सावलीत मला छान गार वाटायला लागलं. मग कोणीतरी दुरून म्हणालं, "सोडा आता."

"काय?"

"मूठ. झालं केव्हाचंच."

सुई कधी गेली, रक्त कधी निघालं, काही पत्ता नाही! टायफॉइड निघाला नाही, पण ताप उतरल्यावर तंद्री दुप्पट झाली.

आणि एप्रिलमध्ये आत्यानं स्थळ आणलं. "मुलगा मधुकर. बाप नाही. माय एकटीनं वाढवला. रामदासपेठेत दवाखान्यात लोकायचं रक्त काढते." फोटो पाहिला आणि माझ्या हातातली कपबशी खाली पडली. तोच! पापण्यांसकट!

आता माझा जीव टांगणीला लागला. त्याच्याशी लग्न झालं नाही तर मी जन्मभर गॅसवर दूध ठेवून खिडकीत उभी राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अडचण होती ती बाबांच्या तत्त्वांची. बाबा रेल्वेच्या कचेरीत होते आणि दर रविवारी विहारात भाषण करायचे. घरात आमच्याशी नागपुरी बोलायचे, पण तत्त्वाचा विषय निघाला की एकदम छापील मराठीत शिरायचे. ते म्हणाले, "माझी कन्या म्हणजे बाजारातली भेंडी नव्हे, टोक मोडून पाहायला! ताटात पोहे घेऊन ती कुणापुढे उभी राहणार नाही. स्त्री-पुरुष समान आहेत. दोघं एका रांगेत, एका पातळीवर, एकाच दिशेला तोंड करून बसतील!"

आई म्हणाली, "मंग एकमेकायले पाहतील कसे?"

"विचार जुळले पाहिजेत, तोंडं नव्हे!"

एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून बसण्याची जागा नागपुरात एकच होती. सिनेमाचं थेटर. बाबांनी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता (जलसे आणि नाटकं सोडून बाकी सगळी करमणूक त्यांना वेळेचा अपव्यय वाटे), पण तत्त्वासाठी ते तयार झाले. सायकलवरून कचेरीतून येताना त्यांनी चौकातलं पोस्टर पाहिलं आणि घरी आले ते खुशीतच.

"मिळाला सिनेमा. अगदी कौटुंबिक! पांढऱ्या लुगड्यातली आई आहे. हातात दिवा आहे. मांडीवर लेकरू झोपलं आहे. त्या माउलीच्या डोळ्यांत काय करुणा आहे, वा!"

आता त्या पोस्टरच्या अर्ध्या भागाबद्दल बाबांची काही चूक नव्हती. चूक झाली ती उरलेल्या अर्ध्या भागात. पोस्टरसमोर एक रसवंती होती, आणि उन्हाळा असल्यामुळे रसवंतीवाल्यानं बांबूंवर हिरवं कापड ताणून सावली केली होती. त्या कापडामागे पोस्टरचा खालचा भाग झाकला गेला होता. वर आई, दिवा, लेकरू. खाली काय असेल असं बाबांना विचारावंसंही वाटलं नाही. त्या चौकातून मी तर रोज जायचे. पण पोस्टरसारखं पोस्टर मला दिसलं असतं तर मी मी कसली?

बाबांनी मुलाकडे निरोप धाडला. त्यात माझं वर्णन होतं. "मुलगी अत्यंत शांत स्वभावाची. मुंगीसुद्धा मारत नाही. मुंग्यांची रांग दिसली की थांबून त्यांना वाट देते." (मी थांबायची ती तंद्रीमुळे. वाट मुंग्या आपली आपण काढायच्या.) मधुकरची आई म्हणजे पंचशील कडक पाळणारी बाई. वंदना कधी चुकली नाही, आवाज कधी चढला नाही, नेहमी पांढरं पातळ. तिनं निरोप ऐकून नुसती मान हलवली आणि म्हणाली, "येतो आम्ही."

निघताना आईनं मला देवडीत थांबवलं. "सुमन, माझ्याकडं पाह्य. आज तंद्री लागू द्यायची नाही. लागली असं वाटलं की स्वतःले चिमटा घ्यायचा. समजलं?"

"हाव."

"काय सांगितलं मी?"

"...काय?"

आई दाराला कडी लावू लागली.

तीन ते सहाचा खेळ. बाहेर मे महिन्याचं ऊन असं होतं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि आत गेलो तर अंधार, आणि अंधारात खसाचा वास. मोठाले कूलर घुमत होते, त्यांच्या ओल्या ताट्यांवरून गार वारा येत होता, आणि प्रोजेक्टरच्या झोतात धुळीचे कण हळूहळू खाली उतरत होते. टॉर्चवाल्यानं आम्हाला बाल्कनीत बसवलं. कडेला बाबा, मग आई, मग मी, मग आत्या, आत्याच्या पलीकडे मधुकर आणि शेवटी त्याची आई. (समानता ठीक आहे, पण आत्याचा बंदोबस्त बाबांच्या तत्त्वांना जुमानत नसे.) "जय भीम" झाले. मधुकरनं माझ्याकडे पाहिलं असावं. मी कूलरकडे पाहत होते. मला तिथे नदी दिसत होती.

सिनेमा सुरू झाला. आई, दिवा, मांडीवर लेकरू. अंगाई. बाबांनी खाकरून आजूबाजूच्या रांगांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाहा! संस्कार!"

अंगाई संपली. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. आणि पुढे जे सुरू झालं ते इंटरव्हलपर्यंत थांबलं नाही! बाप मेला. काका मेला. घर जळालं. बैलही जळाले. गावच्या विहिरीत काय काय पडलं ते मी सांगत नाही, कारण तुम्ही कदाचित जेवता जेवता वाचत असाल. आणि त्या पांढऱ्या लुगड्यातल्या माउलीनं राखेतून विझलेला दिवा उचलला, डोळ्यांत अंगार आणला आणि शपथ घेतली की वैऱ्यांचा नायनाट होईपर्यंत हा दिवा लागणार नाही. म्हणजे पोस्टरवरचा तो दिवा देवापुढचा नव्हता, तो सुडाचा होता! खालच्या वर्गातून शिट्ट्यांचा पाऊस पडला. बाबा ताठ झाले. इतके ताठ की खुर्चीची पाठ करकरली.

इंटरव्हलला दिवे लागताच ते उभे राहिले, छापील मराठीत. "हे चित्र समाजविघातक आहे. मी क्षमा मागतो. आपण उठू या."

कुणीच उठलं नाही. मग मधुकरच्या आईनं, त्या शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या बाईनं, पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि विचारलं, "काहून उठता भाऊ?"

"ताई, ही हिंसा..."

"त्या माउलीचा दिवा अजून लागला नाही. त्या हरामखोरायमधला एक बी अजून मेला नाही. अन् तुम्ही उठता?"

"पण अहिंसेचं तत्त्व..."

"तत्त्व घरी आहेच ना भाऊ. थे कुठं पळून चाललं?"

कौसाआत्या तर ऐकून पाघळलीच. "अस्सं! बसा ना बाई, मी येतो तुमच्याजवळ. त्या काण्याले आधी मारतीन का त्या दाढीवाल्याले, काय वाटते तुमाले?" आणि माझा बंदोबस्त सोडून ती उठली नि त्या बाईंच्या पलीकडे जाऊन बसली. दोघींची डोकी एकमेकींना लागली. बाबा खाली बसले.

आता माझ्या आणि मधुकरच्या मध्ये कोणी नव्हतं. तो गोटी सोड्याच्या बाटल्या घेऊन आला आणि आत्याच्या रिकाम्या खुर्चीत बसला. एक माझ्यापुढे धरली.

"घ्या."

"हाव."

आमचे विचार जुळायला एवढीच संधी मिळाली. त्याचा चेहरा पांढराफटक होता. मी धीर करून विचारलं, "तुम्हाले बरं नाही वाटून राहिलं का?"

"नाही, नाही. थोडं गरम होऊन राहिलं." (कूलरचा झोत थेट त्याच्या डोक्यावर होता. केस उभे राहत होते.)

"तुम्ही तर रोज रक्त पाहता ना?"

"ते खरं असते," तो हळूच म्हणाला. "त्याची सवय आहे. हे लाल रंगाचं पाहवत नाही."

अशा माणसाला आपण मरेपर्यंत जपावं असं वाटलं, आणि दिवे गेले.

मग मात्र ती माउली जे मागत होती ते मिळायला लागलं. मोठा झालेला मुलगा कुऱ्हाड घेऊन आला. काणा तेलाच्या घाण्यात गेला. दाढीवाला लाकडाच्या वखारीत गेला, आणि अर्धाच बाहेर आला. आत्या चप्पल आपटून म्हणायची, "असाच पाहिजे मेल्याले!" मधुकरची आई मांडीवर हात जोडून, विहारात बसावं तशी बसली होती आणि प्रत्येक वेळी अगदी सौम्यपणे म्हणत होती, "हं. आता दुसरा." बाबांनी डोळे मिटले होते. एक किंकाळी झाली की विचारायचे, "झालं का?" आणि आई, जिला मी आयुष्यात बाबांना काही समजावून सांगताना पाहिलं नव्हतं, ती म्हणायची, "अजून नाही. तडफडून राहिला. मी सांगतो ना, तुम्ही नका पाहू... हं, आता गेला."

आणि मी? मला चिमटा घ्यायची आठवण राहिली नाही. खसाचा वास दाट झाला, कूलरची घरघर लांब गेली, आणि मी बाल्कनीतून उतरून त्या गावात गेले. पायाखाली कोमट राख होती. हातात तो विझलेला दिवा होता. माझ्या मागे जळालेलं घर होतं आणि माझ्या समोर वीस वर्षांची वाट होती, आणि त्या वाटेवरून कुऱ्हाड घेऊन चाललेला तो मुलगा माझाच होता. मी एका हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. दांडा उबदार होता, मऊ होता. स्वप्नात असतं तसं सगळंच मऊ होतं.

शेवटी उरला तो मुख्य खलनायक. घोडा मेला, माणसं मेली, बंदूक रिकामी झाली. तो हिरोच्या पायांवर पडला. हात जोडून रडायला लागला. "माझीही आई आहे रे!" वगैरे. आणि काय सांगू, हिरोचा हात खाली आला! कुऱ्हाड खाली आली! संगीत थांबलं. खालच्या वर्गातल्या शिट्ट्या थांबल्या. एवढ्या मोठ्या थेटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली.

त्या शांततेत मी खुर्चीवर उभी राहिले आणि बोंबलले.

"मार त्याले! काहून थांबला? मार गा! काय पाहून राहिला? मार!"

पडद्यावर हिरोनं मान वर केली. आमच्या बाल्कनीकडे पाहिल्यासारखी. कुऱ्हाड उचलली. घातली.

थेटर फुटायचं बाकी राहिलं! खालून लोक मागे वळून ओरडायला लागले, "वाह बाई! क्या बात है!" कोणीतरी टोपी वर उडवली. पडद्यावर दिवा लागला. आणि माझ्या शेजारी मधुकर शांतपणे बाजूला कलला आणि आपल्या आधीच्या रिकाम्या खुर्चीत आडवा झाला.

"माय वं! पोट्टा गेला!" आत्यानं किंकाळी फोडली.

टॉर्चवाला धावत आला. उरलेला गोटी सोडा तोंडावर मारला गेला. बाबांनी आता डोळे उघडले. समोर त्यांचा होणारा जावई बेशुद्ध पडलेला आणि वर खुर्चीवर मुठी आवळून उभी असलेली त्यांची कन्या, जी मुंगीसुद्धा मारत नाही. त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

रिक्षानं घरी आलो. ओट्यावर बसून बाबा एवढंच म्हणाले, "पहिलंच शील, सुमन. कुणाचा जीव घेऊ नये. पहिलंच!" आणि आत गेले. मला इतकं रडू आलं की काय सांगू! मला बाबांच्या शब्दाची लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त दुःख त्या पापण्यांचं होतं. पुढचे काही दिवस मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांपाशी कावळे हाकलत बसले. कावळ्यांनी अर्ध्या कुरड्या खाल्ल्या. मी हाकलत होते असं मला वाटत होतं.

आणि एका सकाळी मधुकर आणि त्याची आई आमच्या दारात.

बाबा घाईनं सदरा चढवत बाहेर आले. "ताई, त्या दिवशी जे घडलं त्याबद्दल..."

"पोट्टी पसंत आहे," त्या म्हणाल्या.

बाबांचा एक हात बाहीतच राहिला. "पण ताई, ती 'मार' म्हणाली!"

"त्याच्यासाठीच तर! माझा मधू दिवसभर रक्त काढते, पण भाजीवाल्यानं सडका टमाटा देला तरी घेऊन येते. घरात एखादी वाघीण पाहिजे का नाही? मी थकली आता. अन् भाऊ, खरं सांगू का? मी बी तेच म्हणणार होती. हिनं आधी म्हटलं."

मधुकर इतका वेळ चपलांकडे पाहत होता. त्यानं हळूच शर्टाची बाही वर केली. मनगटावर नखांच्या चार निळ्या खुणा होत्या. (तो खुर्चीचा दांडा नव्हता, हे मला तेव्हा कळलं!)

"मी कुऱ्हाडीमुळं नाही पडलो," तो म्हणाला. "माझे डोळे तर इंटरव्हलपासूनच बंद होते. पण यांनी हात धरला होता. सोडवला असता तर यांची तंद्री मोडली असती. म्हणून श्वास धरून बसलो होतो. तो जरा जास्तच धरला गेला."

मी आत पळाले. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, आणि त्या दिवशी मला कोणी रागावलं नाही.

लग्न झालं. सासूबाईंनी वस्तीत सांगून ठेवलं होतं, "आता वाघीण आणली, पाह्यजा." मीही वाघिणीच्या तोऱ्यात माप ओलांडलं. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात मिरच्यांच्या डब्यामागून पाल निघाली.

पुढचं मला थोडं अंधुक आठवतं. मी स्टुलावर होते एवढं नक्की. आणि मी ओरडत होते, "मारा तिले! काय पाहून राहिले? मारा!" मधुकर दुसऱ्या स्टुलावर होता. डोळे मिटून. "कुठं आहे? गेली का?" सासूबाई आल्या, आम्हा दोघांकडे खालून वर पाहिलं, केरसुणी घेतली, पालीला हळूच, जराही न दुखवता, खिडकीबाहेर वाट दाखवली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"माय वं," त्या म्हणाल्या. "वाघीण म्हणून आणली होती!"

ही बातमी आत्यामार्फत इंदोऱ्याला पोचायला संध्याकाळही लागली नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाबा सायकलवरून आले. इतके खुशीत की दारातूनच छापील मराठी सुरू झालं. "काय ताई! मी आपणास काय कळवलं होतं? माझी कन्या मुंगीसुद्धा मारत नाही! माझा शब्द कधी खोटा ठरत नाही!"

बाबांचा शब्द माझ्या हातून राखला गेला याचं समाधान मला आजही आहे. तेच सांगायला मी हे लिहायला बसले. म्हणजे बसले नाही, उभीच आहे, स्टुलावर. कोणीतरी तेवढं पाहून सांगा हो, गेली का ती?